एकेबी४८

एकेबी४८ हा जपानमधील मुलींचा पॉप संगीत गट आहे. निर्माते व गीतकार यासुशी अकिमोतो यांच्या कल्पनेतून इ.स. २००५ मध्ये तोक्यो शहरातील अकिहाबारा या भागात त्याची स्थापना झाली. स्वतःचे कायमस्वरूपी नाट्यगृह, अनेक चमूंमध्ये विभागलेल्या डझनावारी सदस्या आणि सतत बदलत राहणारी नामावली ही या गटाची वैशिष्ट्ये आहेत. इ.स. २०१० मध्ये सर्वाधिक सदस्या असलेला पॉप गट म्हणून त्याची गिनेस विश्वविक्रमांत नोंद झाली. त्या वेळी सदस्यसंख्या ४८ होती. पुढे ती त्याच्या दुपटीहून अधिक झाली.

चाहत्याला प्रत्यक्ष भेटता येईल, हात हातात घेता येईल आणि जिचे भवितव्य मत देऊन ठरवता येईल अशी तारका, ही या गटामागील मूळ कल्पना. जपानी संगीताच्या बाजारपेठेवर एकेबी४८ने जवळजवळ दशकभर जे वर्चस्व गाजवले ते या जवळिकीच्या बळावर. सदस्यांच्या खाजगी आयुष्यावरील बंधने, त्यांच्यावर झालेले हल्ले आणि २०२० च्या महामारीत गटाची झालेली कोंडी यांचे मूळही त्याच जवळिकीत आहे. गटाचा विस्तार पुढे आशियातील अनेक शहरांत झाला. मुंबईसाठीही एक शाखा जाहीर झाली होती, परंतु ती रंगमंचापर्यंत पोहोचली नाही.

नाव आणि पार्श्वभूमी

'एकेबी' ही अक्षरे 'अकिबा' या अकिहाबाराच्या बोलीतील संक्षिप्त नावावरून घेतली आहेत. विजेच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सर्व काही मिळणारा हा बाजार मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडची आठवण करून देईल. फरक इतकाच की १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अकिहाबारा हे ॲनिमे, माँगा व व्हिडिओ गेम यांच्या शौकिनांचे माहेरघरही बनले. ४८ हा आकडा सदस्यसंख्येवरून आलेला नाही. गटाच्या मूळ व्यवस्थापन संस्थेचे प्रमुख कोतारो शिबा यांच्या आडनावातील 'शि' (चार) आणि 'बा' (आठाच्या उच्चाराशी जुळणारा) यांवर केलेला तो शब्दखेळ असल्याचे सांगितले जाते.

भारतात 'आयडॉल' हा शब्द दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेशी जोडला गेला आहे. जपानी 'आयदोरु'चा अर्थ वेगळा आहे. ती किशोरवयीन किंवा नुकतीच वीस ओलांडलेली कलाकार असते. गायन, नृत्य, दूरदर्शन, जाहिरात असे सगळे थोडे थोडे करते, परंतु यांपैकी कशातच तिने पारंगत असणे अपेक्षित नसते. उलट तिचे अपुरेपण आणि त्यावर मात करण्याची तिची धडपड हाच चाहत्याच्या ओढीचा विषय असतो. १९७० च्या दशकात मोमोए यामागुची व पिंक लेडी, १९८० च्या दशकात सेइको मात्सुदा यांनी ही परंपरा घडवली. स्वतः अकिमोतो यांनी १९८५ ते १९८७ या काळात 'ओन्यान्को क्लब' या शाळकरी मुलींच्या मोठ्या गटासाठी गीते लिहिली होती. तो गट मात्र फुजी टेलिव्हिजनवरील एका कार्यक्रमातून जन्मला आणि कार्यक्रमाबरोबरच संपला. दूरचित्रवाणीवर अवलंबून न राहणारा, रोजच्या प्रयोगांवर उभा राहणारा गट हवा, हा धडा त्यांनी त्या अनुभवातून घेतला असावा.

स्थापना आणि नाट्यगृह

पहिल्या निवडचाचणीस ७,९२४ मुलींनी अर्ज केले. त्यांतून २४ जणींची निवड झाली आणि प्रत्यक्षात २० जणी रंगमंचावर आल्या. ८ डिसेंबर २००५ रोजी झालेल्या पहिल्या प्रयोगाला ७२ प्रेक्षक होते, आणि त्यांपैकी तिकीट काढून आलेले सर्वसामान्य प्रेक्षक अवघे सात. बाकीचे सारे या व्यवसायाशी संबंधित होते. हा सात आकडा गटाच्या आख्यायिकेचा भाग बनला आहे. आत्सुको माएदा व मिनामी ताकाहाशी या पुढे सर्वाधिक गाजलेल्या सदस्या त्या दिवशी चौदा वर्षांच्या होत्या. मारिको शिनोदा या चाचणीत नापास झाल्या होत्या व नाट्यगृहातील कॅफेत काम करीत होत्या. पहिल्या काही आठवड्यांतील प्रेक्षकांचाच त्यांच्याकडे ओढा दिसल्यामुळे जानेवारी २००६ मध्ये त्यांना गटात घेण्यात आले.

नाट्यगृह 'डॉन किहोते' या सवलतीच्या दुकानाच्या इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. खुर्च्या व उभ्याची जागा धरून सुमारे २५० प्रेक्षक मावतात. सभागृहाच्या मधोमध इमारतीचे दोन खांब आहेत आणि त्यांच्यामागे बसणाऱ्याला रंगमंचाचा मोठा भाग दिसत नाही. हे खांब प्रथम गैरसोय म्हणून कुप्रसिद्ध होते. पुढे तेच नाट्यगृहाची ओळख ठरले. तिकिटांची मागणी वाढल्यावर ती सोडतीने दिली जाऊ लागली, आणि आत जाण्याचा क्रमही सोडतीनेच ठरू लागला. त्यामुळे कोणीही कितीही जुना चाहता असला तरी त्याला पुढच्या रांगेची खात्री नसते.

प्रयोगाची संहिता ठरलेली असते. सुमारे सोळा गाणी, मधूनमधून प्रेक्षकांशी गप्पा आणि एकूण दोन तासांच्या आसपास वेळ. एकच संहिता एक चमू महिनोन्‌महिने करतो. मराठी वाचकाला यात व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्याची शिस्त दिसेल. येथे गाव बदलत नाही, प्रेक्षकही बरेचसे तेच असतात आणि बदलतात त्या मुली. एखादीचा आवाज सुधारला, एखादी मागच्या रांगेतून पुढे आली, एखादी रडून आली आहे, हे नियमित प्रेक्षकाला कळते. या गटाच्या चाहतेपणाचा गाभा हा आहे. गाणे हे त्यात निमित्तमात्र असते, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

एप्रिल २००६ मध्ये 'के' चमू आणि २००७ मध्ये 'बी' चमू तयार झाला. पहिल्या तुकडीला 'ए' चमू असे नाव मिळाले. शिकाऊ मुलींना 'केन्क्युसेइ' (प्रशिक्षणार्थी) म्हणतात. त्या आजारी वा व्यग्र सदस्यांच्या जागी उभ्या राहतात, त्यामुळे त्यांना प्रत्येक जागेची नृत्यरचना पाठ असावी लागते. गट सोडण्याला 'सोत्सुग्यो' म्हणजे शाळा पूर्ण करून बाहेर पडणे असा शब्द आहे. निवृत्ती, राजीनामा वा हकालपट्टी या तिन्हींवर तो शब्द सारखाच पांघरूण घालतो.

उत्कर्ष

फेब्रुवारी २००६ मध्ये पहिले स्वतंत्र सिंगल आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'आइताकात्ता' या सिंगलद्वारे गटाने सोनी समूहातील एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीकडून पदार्पण केले. २००७ च्या अखेरीस एनएचकेच्या 'कोहाकू उता गास्सेन' या वर्षअखेरच्या संगीत कार्यक्रमात गटाला प्रथम स्थान मिळाले, परंतु अकिहाबारातील एक नवलाई म्हणून. पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही.

२००८ मध्ये गट किंग रेकॉर्ड्सकडे गेला. या कंपनीकडून आलेल्या पहिल्या सिंगलच्या केंद्रस्थानी अकिमोतो यांनी नागोया शाखेतील अकरा वर्षांच्या जुरिना मात्सुई यांना उभे केले. तीन वर्षे घाम गाळलेल्या मूळ सदस्यांना मागे ठेवून घेतलेला हा निर्णय चाहत्यांत मोठ्या वादाचा ठरला, पण वाद हेच या गटाचे इंधन आहे हे त्यातून निर्मात्यांना उमगले. ऑक्टोबर २००९ मध्ये 'रिव्हर' हे ओरिकॉनच्या साप्ताहिक यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले गटाचे पहिले सिंगल ठरले. ऑगस्ट २०१० मधील 'हेवी रोटेशन' घराघरांत पोहोचले. २०११ पासून प्रत्येक सिंगलच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपू लागल्या. २०११ व २०१२ अशी सलग दोन वर्षे गटाला जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. २००९ ते २०१९ या काळात 'कोहाकू'मध्ये त्याची हजेरी अखंड होती.

११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर गटाने मदतनिधी उभारला आणि मे २०११ पासून आपद्‌ग्रस्त भागांत दरमहा भेटी सुरू केल्या. ट्रकवर उभारलेल्या मंचावरून शाळांच्या आवारात होणाऱ्या या छोट्या प्रयोगांत गटाचे मूळ स्वरूप, म्हणजे हाताच्या अंतरावरील गाणे, पुन्हा दिसले.

२०१३ मधील 'कोइसुरु फॉर्च्यून कुकी' हे गाणे चाहत्यांच्या वर्तुळाबाहेर सर्वाधिक गेले. त्याच्या सोप्या हातवाऱ्यांमुळे कंपन्या, महाविद्यालये व प्रांतिक सरकारी कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनी स्वतः नाचून चित्रफिती तयार केल्या. इंडोनेशियन व थाई भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या, आणि थायलंडमध्ये तर या एका गाण्याने बँकॉक शाखेला देशव्यापी प्रसिद्धी मिळवून दिली.

हस्तांदोलन आणि सीडीची विक्री

जगभर सीडीचा खप कोसळत असताना एका गटाच्या प्रत्येक सिंगलच्या लाखो प्रती विकल्या जात होत्या, याचे कारण सीडीच्या वेष्टनात असलेला कागदाचा तुकडा. या चिठ्ठीवर चाहत्याला हस्तांदोलन मेळाव्यात आपल्या आवडत्या सदस्येसमोर काही सेकंद उभे राहता येते. चाहता तिचा हात हातात घेतो, एखादे वाक्य बोलतो आणि शेजारी उभा असलेला कर्मचारी त्याला खांद्याला धरून पुढे सरकवतो. या कर्मचाऱ्याच्या कामाला 'हागाशी' म्हणजे 'चिकटलेले सोलून काढणे' असे नाव आहे. अधिक सेकंद हवे असतील तर अधिक चिठ्ठ्या लागतात आणि अधिक चिठ्ठ्या म्हणजे अधिक सीडी. नेहमीच्या सिंगलची किंमत सुमारे १,६०० येन असे. केवळ मेळाव्यासाठी काढलेली स्वस्त आवृत्ती वेगळी असे.

सदस्यांसाठी हे काम रंगमंचापेक्षा कष्टाचे असते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे राहून शेकडो अनोळखी माणसांचे हात हाती घ्यायचे, नेहमी येणाऱ्यांची नावे आणि मागच्या वेळचे बोलणे लक्षात ठेवायचे आणि प्रत्येकाला आपण त्याची वाट पाहत होतो असे वाटू द्यायचे. कोणासमोर किती रांग आहे हे सर्वांना दिसते. गायनात मागे असलेल्या अनेक जणी या मेळाव्यांतील आपल्या वागणुकीमुळे वर आल्या, आणि ज्यांच्यासमोर रांग नव्हती त्या मुलींनी दिवसभर रिकाम्या मार्गिकेसमोर उभे राहण्याचा अनुभव घेतला.

या पद्धतीवर जपानमध्येही कडक टीका झाली. एकाच व्यक्तीने शेकडो प्रती घेणे, चिठ्ठ्या काढून सीडी टाकून देणे, डोंगरात शेकडो सीडी बेकायदा फेकल्याबद्दल पोलिसांनी केलेली कारवाई, अशा बातम्या येत राहिल्या. ओरिकॉनची यादी किती माणसे गाणे ऐकतात हे न सांगता एकेक माणूस किती प्रती घेतो हे सांगते, हा आक्षेप रास्त होता. पुढे ऑनलाइन श्रवणाची मोजदाद धरणाऱ्या याद्यांना जे महत्त्व आले त्याला हे एक कारण मानले जाते.

सार्वत्रिक निवडणूक

सिंगलमध्ये कोणी गावे हे निर्माते ठरवीत. त्याबद्दल चाहत्यांची तक्रार वाढली तेव्हा २००९ मध्ये हा अधिकार वर्षातून एका सिंगलपुरता चाहत्यांच्या हाती देण्यात आला. या मतदानाला 'सेन्बात्सु सोसेन्क्यो' म्हणजे निवड-सार्वत्रिक निवडणूक असे संसदीय निवडणुकीचे भारदस्त नाव देण्यात आले. मतपत्रिका सीडीतच असे. एका सीडीला एक मत. कोणी किती मते द्यावीत याला मर्यादा नव्हती.

पहिल्या निवडणुकीत आत्सुको माएदा ४,६३० मतांनी पहिल्या आल्या. २०१० मध्ये युको ओशिमा यांनी ३१,४४८ मते मिळवून त्यांना अगदी थोड्या फरकाने मागे टाकले. २०११ मध्ये माएदा १,३९,८९२ मतांसह पुन्हा अग्रस्थानी आल्या. दोन वर्षांतील ही तीसपट वाढ चाहत्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या खर्चाच्या तयारीविषयी अधिक सांगते. माएदा यांना निर्मात्यांनी प्रथमपासून केंद्रस्थानी ठेवले होते, त्यामुळे त्यांच्यावर रोषही सर्वाधिक होता. २०११ च्या निकालानंतरच्या भाषणात आपला तिरस्कार वाटला तरी गटाचा तिरस्कार करू नये, अशी विनंती त्यांनी रडत केली. एकोणीस वर्षांच्या मुलीने भर सभागृहात केलेली ही विनंती गटाच्या इतिहासातील सर्वांत जास्त स्मरणात राहिलेला प्रसंग आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये तोक्यो डोममधील तीन दिवसांच्या मैफिलींनंतर २७ तारखेला अकिहाबाराच्या नाट्यगृहात अखेरचा प्रयोग करून त्यांनी गट सोडला.

२०१२ पासून निकाल राष्ट्रीय वाहिनीवरून थेट प्रक्षेपित होऊ लागले. त्या वर्षी निवडणुकीनंतर काही दिवसांतच चौथ्या क्रमांकावरील रिनो साशिहारा यांचे जुने प्रेमसंबंध एका साप्ताहिकाने उघड केले. अकिमोतो यांनी त्यांना गटातून न काढता फुकुओका येथील नव्या शाखेत पाठवले. ही शिक्षाच मानली गेली. साशिहारा यांनी मात्र आपल्या फजितीवर स्वतःच विनोद करीत दूरदर्शनवर जम बसवला आणि २०१३ मध्ये योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्ये १,५०,५७० मतांसह पहिला क्रमांक मिळवला. २०१५, २०१६ व २०१७ अशी सलग तीन वर्षे त्याच पहिल्या आल्या. २०१७ मध्ये त्यांना मिळालेली २,४६,३७६ मते हा या निवडणुकांतील विक्रम आहे. २०१४ मध्ये मायु वातानाबे आणि २०१८ मध्ये जुरिना मात्सुई विजयी झाल्या. २०१९ पासून निवडणूक घेण्यात आलेली नाही.

निवडणुकीबरोबरच २०१० पासून काही वर्षे 'जानकेन' म्हणजे दगड-कागद-कात्री या खेळाची स्पर्धाही झाली. जिंकणारीला पुढच्या सिंगलमध्ये केंद्रस्थान मिळे. पहिली विजेती मायुमी उचिदा ही तोवर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. ना निर्मात्यांची मर्जी, ना चाहत्यांचा पैसा. केवळ दैवावर सोपवलेली ही एकच वाट मागच्या रांगेतील मुलींसाठी मोकळी होती.

बंधने, हल्ले आणि वाद

आयडॉलने प्रेमसंबंध ठेवू नयेत हा जपानी मनोरंजन व्यवसायातील जुना संकेत आहे. एकेबी४८मध्ये त्याला विशेष धार आली, कारण येथे चाहता जवळिकीसाठीच पैसे मोजत होता. ३१ जानेवारी २०१३ रोजी एका साप्ताहिकाने पहिल्या तुकडीतील मिनामी मिनेगिशी या एका तरुणाच्या घरातून बाहेर पडत असल्याची छायाचित्रे छापली. त्याच दिवशी गटाच्या अधिकृत वाहिनीवर एक चित्रफीत आली. तीत मिनेगिशी यांनी स्वतःचे डोके भादरलेले होते आणि त्या रडत क्षमा मागत होत्या. त्या वेळी त्या वीस वर्षांच्या, म्हणजे जपानी कायद्यानुसार सज्ञान होत्या. त्यांना पदावनत करून प्रशिक्षणार्थी करण्यात आले. डोके भादरणे हा आपलाच निर्णय होता असे त्यांनी सांगितले असले, तरी ती चित्रफीत अधिकृत वाहिनीवर का आली या प्रश्नावर जगभरातील वृत्तपत्रांनी लिहिले. साशिहारा व मिनेगिशी या दोघींचा 'गुन्हा' एकच होता आणि त्यांचे भवितव्य मात्र पूर्णतः भिन्न झाले. नियम लेखी व स्पष्ट नसला की असे होते. मिनेगिशी गटात टिकून राहिल्या आणि २०२१ मध्ये पहिल्या तुकडीतील शेवटची सदस्या म्हणून बाहेर पडल्या.

अशा बंधनांचा प्रश्न पुढे न्यायालयातही गेला, मात्र इतर गटांच्या संदर्भात. सप्टेंबर २०१५ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने करार मोडून मित्रासोबत राहिलेल्या एका किशोरवयीन आयडॉलला नुकसानभरपाई देण्यास सांगितले. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात उलट निकाल दिला. प्रेम करण्याचे स्वातंत्र्य हा सुखाचा शोध घेण्याच्या हक्काचा भाग असल्याने त्यासाठी भरपाई मागणे मर्यादेबाहेरचे आहे, असे त्यात म्हटले होते. जून २०१७ मध्ये ओसाका शाखेच्या रिरिका सुतो यांनी निवडणुकीच्या निकालाच्या मंचावरूनच आपण लग्न करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा चाहत्यांतील संताप आणि कौतुक दोन्ही उसळले.

२५ मे २०१४ रोजी इवाते प्रांतातील ताकिझावा येथे हस्तांदोलन मेळाव्यात रांगेत आलेल्या २४ वर्षांच्या एका तरुणाने करवतीने हल्ला केला. रिना कावाएई व आन्ना इरियामा या दोन सदस्या आणि एक कर्मचारी जखमी झाले. नाट्यगृह काही काळ बंद राहिले, मेळावे थांबले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा धातुशोधक यंत्रे व तपासणी आली. मेळावे कायमचे बंद करण्याचा विचार मात्र झाला नाही, कारण ते बंद करणे म्हणजे गटाचे उत्पन्नच बंद करणे. आपल्याला पुन्हा हस्तांदोलन करता येणार नाही, असे सांगून कावाएई यांनी २०१५ मध्ये गट सोडला. आज त्या नामवंत अभिनेत्री आहेत.

डिसेंबर २०१८ मध्ये निइगाता शाखेच्या (एनजीटी४८) माहो यामागुची यांच्यावर त्यांच्या राहत्या घराच्या दारात दोन पुरुषांनी हल्ला केला. महिनाभर व्यवस्थापनाकडून काहीच हालचाल न झाल्याने यामागुची यांनी ही गोष्ट स्वतः जाहीर केली. १० जानेवारी २०१९ रोजी शाखेच्या वर्धापनदिनाच्या प्रयोगात, झाल्या प्रकाराने गोंधळ उडाल्याबद्दल, त्यांनीच रंगमंचावरून वाकून क्षमा मागितली. पीडितेने क्षमा मागण्याचे ते दृश्य पाहून जपानभर संताप उसळला. व्यवस्थापकांना पदे सोडावी लागली, व्यवस्थापनाने नेमलेल्या समितीने चाहते व काही सदस्या यांच्यातील खाजगी संपर्काकडे बोट दाखवले आणि यामागुची मे २०१९ मध्ये बाहेर पडल्या. या प्रकरणाने गटाच्या प्रतिमेला बसलेला धक्का हल्ल्यापेक्षाही खोल होता.

भगिनी गट

गटाची पद्धत शहरागणिक पुन्हा उभारता येते, हे लवकरच दिसून आले. जपानमध्ये नागोया (एसकेई४८, २००८), ओसाका (एनएमबी४८, २०१०), फुकुओका (एचकेटी४८, २०११), निइगाता (एनजीटी४८, २०१५) व सेतो अंतर्देशीय समुद्राचा परिसर (एसटीयू४८, २०१७) येथे शाखा निघाल्या. शेवटच्या शाखेचे नाट्यगृह काही काळ चक्क एका जहाजावर होते. २०१४ मध्ये ४७ प्रांतांतून प्रत्येकी एक मुलगी घेऊन 'आठवा चमू' तयार झाला आणि तो २०२३ पर्यंत चालला.

परदेशातील पहिली शाखा २०११ मध्ये जकार्ता येथे (जेकेटी४८) स्थापन झाली. एका मॉलमधील नाट्यगृहात गाण्यांची इंडोनेशियन भाषांतरे सादर होऊ लागली, आणि मुस्लिमबहुल समाजाला रुचेल असा पोशाखात बदल करण्यात आला. शांघाय शाखा (एसएनएच४८) २०१२ मध्ये निघाली, पण २०१६ मध्ये करारभंगाच्या आरोपावरून मूळ संस्थेशी तिची फारकत झाली. त्यानंतर बँकॉक, मनिला, तैपेई, चिआंग माई येथे शाखा आल्या. हो ची मिन्ह शहरातील शाखा अल्पायुषी ठरली.

महामारी आणि नंतरचा काळ

२०२० मध्ये कोविड-१९च्या साथीत हस्तांदोलन अशक्य झाले. २५० माणसांच्या बंदिस्त सभागृहातील प्रयोगही थांबले. गाण्यांवर उभे असलेले कलाकार ऑनलाइन माध्यमांत तरले. एकेबी४८ला विकण्यासाठी जे होते तेच नेमके निषिद्ध ठरले. व्हिडिओ कॉलवरील काही सेकंदांच्या भेटी हा तोडगा निघाला, पण सिंगलचा खप पूर्वीच्या काही अंशावर आला आणि त्या वर्षीच्या 'कोहाकू'त गटाला स्थान मिळाले नाही. याच सुमारास भगिनी गटांची व्यवस्थापने स्वतंत्र करण्यात आली. जकार्ता शाखेने मोठ्या संख्येने सदस्यांना निरोप दिला.

स्पर्धाही बदलली होती. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील 'प्रोड्यूस ४८' या दूरचित्रवाणी स्पर्धेत गटाच्या अनेक सदस्या कोरियन प्रशिक्षणार्थींसमवेत उतरल्या, तेव्हा नृत्य व गायनातील तयारीचा फरक सर्वांना दिसला. साकुरा मियावाकी, नाको याबुकी व हितोमी होंदा यांची निवड होऊन त्या 'आयझोन' या गटात गेल्या. मियावाकी पुढे 'ले सेराफिम' या कोरियन गटातून जागतिक ख्यातीस पोहोचल्या. अपुरेपणातील गोडवा हे ज्या गटाचे भांडवल, त्याच्याच सदस्यांनी परिपूर्णतेच्या बाजारात स्वतःला सिद्ध केले.

२०२३ मध्ये गट किंग रेकॉर्ड्स सोडून युनिव्हर्सल म्युझिककडे गेला. एप्रिल २०२४ मध्ये युकी काशिवागी सुमारे सतरा वर्षांच्या कारकिर्दीनंतर बाहेर पडल्या. इतका दीर्घकाळ कोणतीही सदस्या गटात राहिलेली नाही. अकिहाबाराचे नाट्यगृह नूतनीकरणानंतर ८ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाले.

भारत आणि मुंबई

२०१० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील दोन शाखांची घोषणा झाली: दिल्लीसाठी डीईएल४८ आणि मुंबईसाठी एमयूएम४८. २०२० मध्ये साथ व टाळेबंदीमुळे काम थांबले आणि मुंबईतील गट एकही नियमित प्रयोग न करता इतिहासजमा झाला.

साथ हे तात्कालिक कारण होते. मुंबईत या पद्धतीपुढील मूळ अडचणी आधीपासून होत्या. येथील लोकप्रिय संगीत चित्रपटाच्या हाती आहे आणि सीडीची दुकाने केव्हाच बंद झाली होती, म्हणजे मतपत्रिका व चिठ्ठ्या घालायला वेष्टनच उरले नव्हते. दहावी-बारावीच्या वयातील मुलीने रोज संध्याकाळी रंगमंचावर उभे राहावे आणि सुटीच्या दिवशी अनोळखी पुरुषांचे हात हाती घ्यावेत, हे किती पालकांनी मान्य केले असते, हा प्रश्न तर होताच. मुलींच्या गटाचा प्रयोग मुंबईत पूर्वीही झाला होता. २००२ मध्ये चॅनल व्हीवरील 'पॉपस्टार्स' या स्पर्धेतून अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, महुआ कामत, प्रतिची मोहपात्रा व सीमा रामचंदानी या पाच जणींचा 'विवा' हा गट निवडला गेला. दोन अल्बमनंतर तो विसर्जित झाला. भसीन व मनचंदा यांनी पुढे पार्श्वगायनात नाव मिळवले, म्हणजे वाट अखेर चित्रपटाकडेच गेली.

कोवळ्या कलाकाराची वाढ पाहण्याची आणि तिला मत देण्याची आवड मात्र मराठी प्रेक्षकाला अपरिचित नाही. एकेबी४८ची पहिली निवडणूक झाली त्याच वर्षी, २००९ मध्ये, झी मराठीवरील 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ची महाअंतिम फेरी महाराष्ट्राने श्वास रोखून पाहिली होती. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली; आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे व रोहित राऊत हे इतर चौघेही घरोघरी पोहोचले. मते तेथेही विकतच होती, एसएमएसच्या दराने. पण स्पर्धा संपताच मुले आपापल्या घरी, शाळेत आणि गुरूंकडे परतली. त्यांचे मोठे होणे हा कोणाचा रोजचा व्यवसाय झाला नाही. २०२१ मध्ये ते पाचही जण त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले.

एमयूएम४८ थांबल्यानंतर भारतीय मुलींनी उलट दिशेचा मार्ग धरल्याचे दिसते. राउरकेलाच्या श्रिया लेंका यांनी २०२२ मध्ये 'ब्लॅकस्वॉन' या कोरियन गटात प्रवेश मिळवला. २०२४ मध्ये मुंबईत 'विश' हा चार जणींचा नवा गट सुरू झाला. त्याची घडण सीडी व नाट्यगृहावर न बेतता चित्रफिती व ऑनलाइन श्रवणावर बेतलेली आहे.